निर्दोष सुटलेला अ‍ॅडमिरल

७ ऑगस्ट १९१४ च्या पहाटे, ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, रिअर अ‍ॅडमिरल अर्नेस्ट ट्रूब्रिज याने जर्मन युद्धनौका ‘गोबेन’चा पाठलाग सोडला. ब्रिटिश आरमारात पाठ फिरवणे हे महापाप. त्यात हा माणूस नेल्सनच्या सोबत्याचा, सर थॉमस ट्रूब्रिजचा पणतू.

तो नवखा नव्हता. व्हिएन्ना, माद्रिद आणि टोकियो येथे नाविक प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या या अधिकाऱ्याने रशिया-जपान युद्ध जवळून पाहिले होते. १९१२ मध्ये तो आरमाराच्या युद्ध-नियोजन विभागाचा प्रमुख झाला. आधुनिक तोफा लांबून काय करू शकतात, हे त्याला ठाऊक होते. त्याच्या चार क्रूझरांवरच्या सर्वांत मोठ्या तोफा ९.२ इंची, ‘गोबेन’च्या ११ इंची, शिवाय ती अधिक वेगवान. अंधारात गाठ पडली तर आशा होती, उजेडात नव्हती. ‘वरचढ शक्तीशी भिडू नये,’ असा चर्चिलच्या नौदल खात्याचा हुकूम वरिष्ठांमार्फत त्याच्यापर्यंत आला होता. तो हुकूम ऑस्ट्रियाच्या आरमाराला उद्देशून होता, असा खुलासा चर्चिलने पुढे केला. हुकुमात तसे लिहिलेले नव्हते.

१० ऑगस्टला ‘गोबेन’ दार्दानेल्समध्ये शिरली. ट्रूब्रिजवर चौकशी बसली. ती बातमी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर असलेल्या अ‍ॅडमिरल क्रॅडॉकपर्यंत पोहोचली. ट्रूब्रिजची गत आपल्या वाट्याला येऊ देणार नाही, असे त्याने एका पत्रात लिहिले आणि १ नोव्हेंबरला कोरोनेलपाशी तो आपल्याहून बलवान जर्मन ताफ्याला भिडला. त्याची दोन जहाजे बुडाली. तो आणि सुमारे १६०० माणसे गेली.

चारच दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, पोर्टलंड येथे ‘बुलवर्क’ जहाजावर ट्रूब्रिजचा खटला उभा राहिला. आरोप भित्रेपणाचा नव्हता, पाठलागात कसूर केल्याचा होता. उघड्या समुद्रात, दिवसाउजेडी ‘गोबेन’ ही वरचढ शक्तीच ठरते, हे त्याचे म्हणणे न्यायालयाने मानले. ९ तारखेला तो सन्मानाने निर्दोष सुटला.

‘गोबेन’ने मात्र युद्धाचा नकाशा बदलला होता. तुर्की निशाण लावून तिने २९ ऑक्टोबरला रशियाच्या बंदरावर तोफा डागल्या. खटला सुरू झाला त्याच दिवशी ब्रिटनने तुर्कस्तानशी युद्ध पुकारले; दुसऱ्या दिवशी इराकच्या मुखाशी, फावला, पूना डिव्हिजनची ब्रिगेड उतरू लागली. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. हीच डिव्हिजन पुढे कूतच्या वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरण जावे लागले. त्या पहाटेची किंमत अशी सातारा-रत्नागिरीकडच्या घरांनीही मोजली. तिचा सारा हिशेब एका ट्रूब्रिजच्या नावावर मांडणे मात्र सोयीचे असले तरी न्यायाचे नाही. संदिग्ध हुकूम काढणाऱ्यांवर खटला कधी झालाच नाही.

निर्दोष ठरूनही ट्रूब्रिजला समुद्रावर पुन्हा ताफा मिळाला नाही. १९१५ मध्ये त्याला सर्बियात, डॅन्यूब नदीवर पाठवले. त्या वर्षीच्या हिवाळ्यात तो सर्बियन सैन्याबरोबर आल्बेनियाचे डोंगर ओलांडून माघारी आला. युद्धानंतर ‘सर’ झाला, अ‍ॅडमिरलही झाला आणि १९२६ मध्ये वारला. न्यायालयाने त्याला सोडले, आरमाराने सोडले नाही. आणि क्रॅडॉकला, जो हुकुमाचा अर्थ विचारत न बसता मरणाला सामोरा गेला, त्याला यॉर्कच्या मोठ्या चर्चमध्ये स्मारक मिळाले.