विजयानंतरचा हंगाम

क्रीडेचा इतिहास बहुधा विजयचषकापाशी थांबतो. पोर्टलंडचा १९७७चा विजय मात्र त्यापुढील वर्षे वाचल्याखेरीज उमगत नाही, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील या शहराचा ‘ट्रेल ब्लेझर्स’ हा व्यावसायिक बास्केटबॉल संघ १९७० साली उभा राहिला आणि पहिली सहा वर्षे बाद फेरीदेखील पाहू शकला नाही. १९७६ मध्ये जॅक रॅम्सी प्रशिक्षक झाले. बंद पडलेल्या एबीए या प्रतिस्पर्धी संघटनेतून मॉरिस लुकास आला. मध्यस्थानी बिल वॉल्टन होताच. त्या हंगामात ४९ विजय, ३३ पराभव. पण हे आकडे फोडून पाहावेत: वॉल्टन खेळला त्या ६५ सामन्यांत ४४ विजय, तो नव्हता त्या १७ सामन्यांत अवघे ५. पुढची शोकांतिका येथेच लिहिलेली आहे. उत्सवात ती कोण वाचणार?

बाद फेरीत शिकागो आणि डेन्व्हर हरले. करीम अब्दुल-जब्बारच्या लेकर्सना तर एकही सामना जिंकता आला नाही. अंतिम मालिकेत ज्युलियस अर्व्हिंगच्या फिलाडेल्फियाने पहिले दोन सामने घेतले. दुसऱ्यात लुकास आणि धिप्पाड डॅरिल डॉकिन्स यांची हातघाई झाली. पुढचे चारही सामने पोर्टलंडचे. त्या हातघाईनेच मालिका फिरली, ही आख्यायिका रंजक खरी. आमचा कौल मात्र वॉल्टनच्या पासांना आहे. तो रिबाउंड घेई आणि पाय जमिनीला टेकण्यापूर्वीच चेंडू पुढे धावणाऱ्या सहकाऱ्याकडे निघे. ५ जूनचा निर्णायक सामना १०९-१०७ असा सुटला. त्यात त्याचे २० गुण, २३ रिबाउंड.

पुढल्या हंगामात पहिल्या ६० पैकी ५० सामने जिंकले, आणि त्याचा पाय दुखावला. १९७८च्या बाद फेरीत सिअॅटलविरुद्ध तो वेदनाशामक इंजेक्शन घेऊन उतरला. पाठोपाठ डाव्या पायाचे हाड मोडल्याचे निष्पन्न झाले. संघाच्या वैद्यकीय उपचारांवर आक्षेप घेऊन त्याने १९७८-७९ चा हंगाम सोडला व १९७९ मध्ये तो सॅन दिएगोस गेला.

व्हिएतनामच्या वार्तांकनासाठी पुलित्झर मिळवणारे डेव्हिड हाल्बरस्टॅम यांनी ‘द ब्रेक्स ऑफ द गेम’ (१९८१) या ग्रंथासाठी हा संघ निवडला, पण विजयाचे वर्ष नव्हे, तर १९७९-८०चे: ३८ विजय, ४४ पराभव. या निवडीतच त्यांची इतिहासदृष्टी दिसते. करारांचा पैसा, दूरचित्रवाणी, वंशभेद, खेळाडूंची झिजणारी शरीरे हे सारे पडत्या काळात उघडे पडते. वॉल्टन संघात नाही. ग्रंथात मात्र सर्वत्र आहे. लुकासही त्याच हंगामाच्या मध्यावर न्यू जर्सीला धाडला गेला.