पांढऱ्यावर पांढरं

वसई रोड स्टेशनजवळचं तीन खुर्च्यांचं एखादं वेब ऑफिस धरा. काम, किल्ल्याजवळच्या होमस्टेंचं बुकिंग घेणारी साइट, रूबी ऑन रेल्समध्ये. रविवारी सकाळी ९ ला जाहिरात सुरू होणार.

शनिवार, दुपारी ४. पहिल्या पानाच्या मागे तटबंदीचा फोटो बसतो. स्टाइलशीटमध्ये त्याचा पत्ता हाताने लिहिला जातो : '/असेट्स/किल्ला.जेपीजी'. काळ्या दगडावर पांढरी अक्षरं काय खुलतात! फोटोच्या खाली एखादा गडद रंग देऊन ठेवावा, हे कुणाला सुचत नाही. घात इथेच झाला.

संध्याकाळी ७. साइटच्या मालकांना लॅपटॉपवर दाखवतात. मालक खूश. डेव्हलपमेंट मोडमध्ये रेल्स साध्या नावावरूनही फाइल शोधून देतं.

रात्री ११.३०. सर्व्हरवर असेट्स, म्हणजे चित्रं आणि स्टाइलशीट, प्रीकम्पाइल होतात. प्रत्येक चित्राच्या नावाला फाइलच्या आशयावरून काढलेली खूण चिकटते. हे काम करणाऱ्या स्प्रॉकेट्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ती ६४ अक्षरांची असते. हेतू रास्त आहे. फोटो बदलला की नाव बदलतं आणि ब्राउझर जुनी प्रत दाखवत बसत नाही. पण २०१३ च्या रेल्स ४ पासून बिनखुणेची प्रत तयारच होत नाही. म्हणजे 'किल्ला.जेपीजी' नावाची फाइल आता सर्व्हरवर नाही. एरर मात्र एकही नाही. सगळे विरार लोकल गाठायला पळतात.

पहाटे ३. पाळत ठेवणारी यंत्रणा पान मागते, २०० असं उत्तर येतं. तिच्या लेखी सगळं आलबेल. फोटो आला का, हे ती विचारतच नाही.

सकाळी ९. जाहिरात सुरू. पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं. साध्या इमेज टॅगमधला फोटो हरवला, तर निदान फाटक्या चित्राची खूण तरी दिसते. स्टाइलशीटमधला फोटो गुपचूप जातो.

९.४०. मालकांचा फोन : "अहो, पान कोरं आहे!"

"नाही हो सर, माझ्याकडे दिसतंय."

दिसणारच. समोर लॅपटॉपवरचीच साइट उघडी आहे.

१०.१५. नेटवर्क टॅबमध्ये एक लाल ओळ सापडते, ४०४. हाताने लिहिलेल्या पत्त्याच्या जागी सासमधलं 'इमेज-यूआरएल' येतं, पुन्हा प्रीकम्पाइल, आणि तटबंदी उभी राहते. सव्वा तासाच्या क्लिकचे पैसे मात्र कापले गेलेच.

२०२४ च्या रेल्स ८ मध्ये स्प्रॉकेट्सच्या जागी प्रॉपशाफ्ट आलं. नुसतं फाइलचं नाव लिहिलं तर खूण ते आपणहून जोडतं. '/असेट्स/'ने सुरू होणारा पत्ता त्यालाही सापडत नाही. लॉगमध्ये तशी ओळ पडते. ती वाचा.