‘पर्यावरणपूरक’ हे कोण ठरवतं?

मालाड-गोरेगावच्या पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांना टेकून दिंडोशी आहे. इथल्या एका सोसायटीच्या खतखड्यापाशी आम्ही काही शिक्षक उभे होतो. खड्डा चांगला चालला होता. वरचा थर बाजूला केल्यावर खाली काळसर, मातीच्या वासाचं खत दिसत होतं, आणि त्या खतात हिरवट पिशव्यांचे तुकडे लोंबत होते. पिशव्यांवर ‘कम्पोस्टेबल’ असं छापलेलं अजूनही वाचता येत होतं. खड्डा सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, “भाजीची देठं गेली, नारळाच्या शेंड्यासुद्धा मऊ पडल्या. ह्या काही जात नाहीत. मग छापतात कशाला?”

मावशींचा प्रश्न आम्हाला वर्गात नेण्याजोगा वाटला. वस्तूवर छापलेला दावा खरा की खोटा, हे कोणी आणि कसं ठरवायचं? या प्रश्नाला बराच मोठा इतिहास आहे आणि त्यातला काही भाग आपल्या मुंबईतच घडला आहे.

वस्तूच्या दर्जाची खूण ही कल्पना आपल्याला नवी नाही. शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा १९३७ सालचा. ‘अ‍ॅगमार्क’ त्यातूनच आला. पण खूण असली तरी ती तपासून मागणारा ग्राहकही लागतो. १९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी सुरू केली. १९७२ साली महागाईविरुद्ध मुंबईच्या गृहिणी हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्या लढ्यात पुढे असणाऱ्या मृणाल गोरे यांनी नंतर नागरी निवारा परिषदेच्या कामातून दिंडोशीत सामान्य माणसांसाठी घरं उभारली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली आणि शेकडो कुटुंबं गट करून एकत्र वाणसामान घेऊ लागली. वजन, भाव आणि भेसळ हे या चळवळीचे पहिले प्रश्न. ते सगळे तराजूवर किंवा परीक्षानळीत तपासता येण्याजोगे होते.

कायदा मागून आला. १९८४ साली मक्तेदारीविरोधी कायद्यात दुरुस्ती होऊन फसव्या जाहिराती ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरल्या. १९८५ साली जाहिरातदारांनी स्वतःवर लक्ष ठेवण्यासाठी मुंबईत एक परिषद स्थापन केली. ‘आस्की’ या नावाने ती ओळखली जाते. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला.

याच सुमारास एक नव्या प्रकारचा दावा बाजारात आला. साबण कपडे स्वच्छ करतो की नाही, हे वापरणाऱ्याला कळतं. पण तो नदीला अपाय करत नाही, हे त्याला कसं कळणार? परिणाम दिसतो तो दूरवर, बऱ्याच काळाने आणि बहुधा दुसऱ्याच कुणाच्या अंगणात. वापरून खात्री करून घेण्याचा मार्गच इथे बंद आहे. म्हणून असल्या दाव्यांच्या बाबतीत फसवणूक सोपी आणि पडताळणी अवघड.

यावर जर्मनीने १९७८ साली एक उपाय काढला. वस्तू आधी तपासायची आणि मग तिला ‘निळा देवदूत’ हे चिन्ह द्यायचं. भारत सरकारने २० फेब्रुवारी १९९१ रोजी ‘इकोमार्क’ योजना जाहीर केली. तिचं चिन्ह होतं मातीचं मडकं. निवड विचारपूर्वक केलेली होती: मडकं मातीचं बनतं, त्याला ऊर्जा थोडी लागते, त्यातून घातक कचरा होत नाही. साबण, कागद, रंग, कापड, बॅटऱ्या अशा सोळा गटांसाठी निकष ठरवायचे होते. वस्तूला पर्यावरणाच्या निकषांबरोबर भारतीय मानकाचा दर्जाही गाठावा लागे.

पण मडकं घरोघरी पोचलं नाही. योजना ऐच्छिक होती आणि चिन्ह मागणारे उद्योग अगदी थोडे निघाले. आमच्या मते याचं कारण साधं आहे. उद्योगाने खर्च करून चिन्ह घ्यावं, तर ग्राहकाला ते ओळखता आलं पाहिजे. ग्राहकाने ओळखावं, तर ते दुकानात दिसलं पाहिजे. दोघंही एकमेकांची वाट पाहत राहिले. शिवाय शेजारच्या वेष्टनावर कुठलीही तपासणी न करता हिरवं पान छापायला कोणाची आडकाठी नव्हती. फुकटचं पान मिळत असताना कष्टाचं मडकं कोण घेणार?

अमेरिकेत त्याच वर्षांत प्रश्न दुसऱ्या बाजूने सुटत होता. मोबिल कंपनीने १९८९ साली कचऱ्याच्या ‘विघटनशील’ पिशव्या बाजारात आणल्या. उन्हात त्यांचे तुकडे होत, हे खरं होतं. पण कचऱ्याची पिशवी उन्हात वाळत पडत नाही. ती कचराभूमीत ढिगाखाली गाडली जाते. तिथे ना ऊन, ना पुरेशी हवा. १९९० साली काही राज्यांनी कंपनीवर खटले भरले. १९९२ साली तिथल्या व्यापार आयोगाने हरित दाव्यांसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यातलं तत्त्व असं: नेहमीच्या पद्धतीने टाकल्यावर वस्तूचं जे होतं, त्यावरून दावा तपासायचा. २०१२ साली त्यात मुदतही आली. पुस्ती न जोडता ‘विघटनशील’ म्हणायचं असेल, तर कचऱ्यात गेलेली वस्तू एका वर्षात पूर्ण विघटित झाली पाहिजे.

आता पुन्हा मुंबईकडे येऊ. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तुंबलेल्या गटारांत पिशव्या सापडल्या आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्राने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी कम्पोस्टेबल पिशव्यांना जाडीच्या अटीतून सूट दिली; मात्र त्यांनी आयएस १७०८८ हे मानक पाळावं आणि विक्रीआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं, अशी अट घातली. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. रोपवाटिका, शेती, कचरा हाताळणी अशा कामांसाठी कम्पोस्टेबल पिशव्यांना तिच्यातून वाट ठेवली होती. म्हणजे ‘कम्पोस्टेबल’ हा शब्द आता नुसती जाहिरात राहिला नव्हता. बंदीतून सुटण्याचा तो परवाना झाला होता. अशा शब्दाची नक्कल होणारच.

पण समजा, खड्ड्यातली पिशवी नकली नव्हती, अस्सल प्रमाणित होती. तरीही ती टिकली असती का? टिकली असती. मानकातली चाचणी साधारण ५८ अंश सेल्सिअसला, ओलावा आणि हवा राखलेल्या खतात होते. तिथे १८० दिवसांच्या आत पिशवीतल्या ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हावा लागतो. मोठ्या खतप्रकल्पातल्या ढिगाऱ्यात एवढी उष्णता जिवाणूंच्या कामामुळे आपोआप साठते. सोसायटीचा खड्डा लहान असतो. आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे उष्णता निसटून जाते आणि तापमान फार काळ वर राहत नाही. (गरम चहा पातेल्यापेक्षा बशीत लवकर निवतो, ते आठवावं.) म्हणजे पिशवीवरचा शब्द प्रयोगशाळेत खरा आणि दिंडोशीच्या खड्ड्यात अपुरा. २ ऑक्टोबर २०१७ पासून महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं आहे, त्यामुळे हा फरक आता पुस्तकी राहिलेला नाही. खतातले तुकडे शेवटी कोणाला तरी हाताने वेचावे लागतात.

पर्यावरणाचा दावा हे नेहमीच एक अटीचं वाक्य असतं: ‘अमुक परिस्थितीत, अमुक काळात, अमुक होईल.’ वेष्टनावर शेवटचा तुकडा मोठ्या अक्षरांत येतो आणि अट गळून पडते. ती गळलेली अट परत छापून घेणं, हाच या नियमनाचा इतिहास आहे.

२०२४ हे वर्ष त्यात महत्त्वाचं ठरलं. १५ फेब्रुवारीपासून ‘आस्की’ची हरित दाव्यांविषयीची सूत्रं लागू झाली. सप्टेंबरमध्ये इकोमार्कचे नवे नियम आले. आणि १५ ऑक्टोबरला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘हरित’, ‘इको-फ्रेंडली’, ‘नैसर्गिक’ असे मोघम शब्द पुरावा आणि खुलासा दिल्याशिवाय वापरायचे नाहीत. तांत्रिक शब्दांचा अर्थ सोप्या भाषेत सांगायचा. ‘कम्पोस्टेबल’, ‘पुनर्वापरयोग्य’, ‘कार्बन-न्यूट्रल’ अशा दाव्यांमागे विश्वसनीय प्रमाणपत्र, शास्त्रीय पुरावा किंवा त्रयस्थाची पडताळणी हवी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

मात्र कायद्याला तक्रार लागते आणि तक्रारीला डोळस ग्राहक. तो घडवणं आपल्या हाती आहे. मुलांना घरातली रिकामी वेष्टनं आणायला सांगावं आणि प्रत्येक हिरव्या दाव्याला तीन प्रश्न विचारायला लावावेत: हा दावा वस्तूच्या कोणत्या भागाबद्दल आहे? तो कोणत्या परिस्थितीत आणि किती काळात खरा होतो? आणि तो कोणी तपासला? उत्तर वेष्टनावर सापडलं नाही, तर कंपनीला पत्र लिहावं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही मुलांना ठाऊक असावा. जमल्यास शाळेच्या आवारात पिशवीचा तुकडा, वर्तमानपत्राचा कागद आणि केळीचं पान एकाच खड्ड्यात पुरावं, रोज तापमान नोंदवावं आणि दर महिन्याला उकरून पाहावं. निकाल काय येईल हे आधी सांगू नये.

मावशींना त्या दिवशी आम्ही एवढंच सांगू शकलो, की पिशवी सोडवून कचरा खड्ड्यात टाका आणि पिशवी वेगळी ठेवा. त्या म्हणाल्या, “मग तसंच छापा की त्यावर.” एवढी मोठी मार्गदर्शिका वाचल्यानंतरही आम्हाला याहून नेमकी सूचना सुचलेली नाही.