सांध्यांसाठी आणलेला क्षार

मध्यरात्री पायाचा अंगठा लालबुंद सुजावा आणि त्यावर चादरीचाही भार सोसू नये, ही गाउटची जुनी ओळख. या दुखण्यात रक्तातलं युरिक ॲसिड वाढलेलं असतं, हे लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड बॅरिंग गॅरॉड यांनी १८४८ साली दाखवलं. त्यांची तपासणी मला फार आवडते. रक्त गोठल्यावर वर उरणारा पातळ द्रव पसरट काचेच्या बशीत घ्यायचा, थोडं ॲसेटिक ॲसिड घालायचं, सुताचे एक-दोन धागे बुडवायचे आणि दीड-दोन दिवस वाट पाहायची. युरिक ॲसिड जास्त असेल, तर दोऱ्यावर खडीसाखर धरावी तसे त्याचे बारीक स्फटिक धाग्याला चिकटलेले दिसत.

खडे दिसले, ते विरघळवायचे कशाने? स्वीडनच्या योहान ऑगस्ट आर्फवेडसन यांना १८१७ मध्ये पेटलाइट या खनिजात एक नवं मूलद्रव्य सापडलं होतं, लिथियम. त्याच्या क्षारांच्या द्रावणात युरिक ॲसिड चटकन विरघळतं, असं पुढे लक्षात आलं. गॅरॉड यांनी युरेटची, म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षाराची, पांढरी पुटं चढलेली सांध्यातली कूर्चा लिथियम कार्बोनेटच्या पाण्यात ठेवली आणि पुटं निघून गेली. गाउटवरच्या आपल्या १८५९ च्या ग्रंथात त्यांनी हा क्षार पोटात घ्यायला सुचवला.

घोळ इथेच होता. बशीत लिथियमला मोकळं रान होतं. रक्तात सोडियमची एवढी गर्दी असते की खडे विरघळतील इतकं लिथियम द्यायचं, तर रोग्यालाच विषबाधा व्हायची. पण बाजाराला एवढा धीर कुठला? अमेरिकेत झऱ्यांचं पाणी ‘लिथिया वॉटर’ म्हणून बाटल्यांत भरून खपू लागलं. संधिवात, मुतखडा, सगळ्यांवर एकच उतारा. त्यातल्या व्हर्जिनियाच्या ‘बफेलो लिथिया वॉटर’चं प्रकरण १९१०च्या दशकात वॉशिंग्टनच्या न्यायालयात गेलं. औषधाला पुरेसं लिथियम मिळवायचं, तर हे पाणी रोज किमान दीड लाख गॅलन प्यावं लागेल, असा हिशेब तिथे निघाला. म्हणजे दहा हजार लिटरचे पन्नासहून अधिक टँकर! तरीही लिथियमची मोहिनी सुटली नाही. १९२९ मध्ये आलेल्या आणि पुढे ‘सेव्हन-अप’ झालेल्या पेयातही लिथियम सायट्रेट असे.

त्याला खरं काम मिळालं ते ऑस्ट्रेलियात, तेही युरिक ॲसिडच्याच वाटेने. मेलबर्नजवळच्या बुंडुरा इथल्या मनोरुग्णालयात जॉन केड यांना उन्मादाच्या रोग्यांच्या लघवीत काही विष असावं, अशी शंका होती. युरिक ॲसिडचा त्यात हात आहे का, हे गिनीपिगवर पाहायचं, तर ते टोचता येईल असं विरघळायला हवं. त्यांनी लिथियम युरेट निवडलं, कारण ते सहज विरघळतं. प्राणी शांत झाले. मग नुसतं लिथियम कार्बोनेट दिलं, तरीही तेच. केड यांनी आधी ते स्वतः घेऊन पाहिलं, मग रोग्यांना दिलं आणि १९४९ साली उन्मादाच्या दहा रोग्यांचे अनुभव छापले.

त्याच वर्षी अमेरिकेत मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खाल्लेले काही हृदयरोगी दगावले आणि तो पदार्थ बाजारातून काढावा लागला. उन्मादावर लिथियमला तिथे मान्यता मिळायला १९७० उजाडलं. आजही हे औषध घेणाऱ्याच्या रक्तातलं लिथियम वरचेवर मोजावं लागतं, कारण गुण देणारी मात्रा आणि घातक मात्रा यांत फारसं अंतर नाही.