गळाची मासेमारी (कृष्णा खोरे : सातारा व सांगली)

गळ, दोर आणि आमिष वापरून एकेक मासा धरण्याची पद्धत. समुद्रात तिचा एक प्रकार ट्रोलिंग म्हणून ओळखला जातो. चालत्या बोटीमागे लांब दोर सोडतात. टोकाच्या गळाला माशाचा तुकडा, पिसे किंवा चकाकणारा पत्रा लावलेला असतो. बोट पुढे जाते तसे आमिष पाण्यात पळू लागते, आणि पाठलाग करून भक्ष्य धरणारे सुरमई, कुप्यासारखे मासे त्यावर झडप घालतात. लक्षद्वीपमध्ये कुपा धरणाऱ्या बोटी अशा दोरांचाही उपयोग करतात. तळावरून मोठे जाळे ओढत नेणाऱ्या ट्रॉलरची मासेमारी ही अगदी वेगळी पद्धत आहे. ट्रोलिंगमध्ये मासा जिवंत आणि एकेकटा हाती येतो, नको असलेली पिल्ले फारशी मरत नाहीत, तळाला धक्का लागत नाही.

सातारा व सांगली या जिल्ह्यांना समुद्र नाही. येथील बाजारात मिळणारी सुरमई कुंभार्ली किंवा आंबा घाट चढून कोकणातून येते. येथे गळ चालतो तो कृष्णा, कोयना, वारणा या नद्यांत. समुद्रात जे काम बोट करते ते येथे प्रवाह करतो : गळ जागेवर राहतो आणि वाहते पाणी त्यावरचे आमिष हलते ठेवते. होडी लागते ती दोर टाकण्यापुरती आणि उचलण्यापुरती. म्हणूनच या पद्धतीचे भवितव्य नदी वाहती राहण्याशी जितके बांधलेले आहे, तितके जाळ्याच्या मासेमारीचे नाही.

साधने व रीत : एकट्या माणसाचा गळ म्हणजे बांबूची काठी, दोरा, शिशाचा तुकडा आणि गळ, आमिष गांडुळाचे किंवा मळलेल्या कणकेचे. पोटापाण्यासाठी मासे धरणारे भोई मात्र लांब दोर वापरतात. त्याला ठरावीक अंतरावर आखूड दोऱ्या बांधून प्रत्येकीला एक गळ लावतात, दोराची टोके दगडाने किंवा काठावरच्या झाडाला पक्की करतात. संध्याकाळी दोर टाकायचा आणि पहाटे उचलायचा, कारण शिंगाळा, वाम, शिवडा हे शिकारी मासे रात्री फिरतात. मरळ काठच्या गवतात राहते. तिच्यासाठी आमिष म्हणून लहान मासा किंवा बेडूक लागतो. कोणता डोह कोणत्या महिन्यात कोणता मासा देतो, हे ज्ञान घराण्यात चालत आलेले असते आणि कुठल्याही खात्याच्या दप्तरात ते नाही. वाहन म्हणून लाकडी किंवा पत्र्याची होडी, हवा भरलेली टायरची ट्यूब, थर्माकोलचा तराफा, आणि उसाच्या पट्ट्यात गूळ करण्याची काहीलसुद्धा वापरात आहे.

मासे : या खोऱ्यातील माशांची शास्त्रीय नोंद लवकर सुरू झाली. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणारे लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ च्या सुमारास येथील माशांची वर्णने प्रसिद्ध केली. खडस (टोर खुद्री), कोळस (हिप्सेलोबार्बस कोलस) आणि शिंगाळा (स्पेराटा सिंघाला) यांना त्यांनी दिलेली जातिनामे मराठी बोलीतून घेतलेली आहेत. ती आजही जगभर चालतात. महाबळेश्वर व वाई येथील माशांवर ई. जी. सायलस यांनी १९५३ मध्ये लिहिले. त्याच सुमारास, १९५२ मध्ये, सी. व्ही. कुलकर्णी यांनी कोल्हापूरजवळच्या पंचगंगेतून ‘खवलचोर’ ही जात जगापुढे आणली. हा छोटा मासा दुसऱ्या माशांचे खवले खाऊन जगतो, आणि अशी सवय असलेले गोड्या पाण्यातले मासे फार थोडे आहेत. कोयना नदीवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५८ जाती नोंदल्या गेल्या.

गळकऱ्यांच्या दृष्टीने या सर्वांत मानाचा मासा खडस. तो स्वच्छ, खळाळत्या, भरपूर प्राणवायूच्या पाण्यात वाढतो, गळाला लागल्यावर प्रवाहाच्या जोरावर दोर ताणतो, आणि अंडी घालण्यासाठी पावसाळ्यात वर चढतो. लोणावळ्याला टाटा वीज कंपन्यांनी १९७० च्या दशकात त्याची पैदास सुरू केली. कुलकर्णी यांचा त्या कामात मोठा वाटा होता. पिल्ले तलावात सोडणे उपयोगाचेच आहे, पण चढायला नदी नसेल तर ती पिल्ले पुढची पिढी कुठे जन्माला घालणार, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

बांध व धरणे : कृष्णेवर अडथळे नवे नाहीत. कराडजवळचा खोडशीचा बंधारा एकोणिसाव्या शतकातला आहे. मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र पूर्ण पालटले. कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर, वारणेवर चांदोली, आणि सर्वांत मोठे कोयना. १९६० च्या दशकात पुरे झालेल्या कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाची क्षमता १०५ टीएमसीहून अधिक असून तो थेट तापोळ्यापर्यंत पसरला आहे. त्यातील दरवर्षी ६७.५ टीएमसीपर्यंतचे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवता येते. ते वाशिष्ठीतून अरबी समुद्रात जाते, कराडकडे येत नाही. खाली सांगली जिल्ह्यात बहे, डिग्रज, सांगली, म्हैसाळ येथील बंधाऱ्यांनी उन्हाळ्यातली कृष्णा एकामागून एक अशा साचलेल्या पाण्याच्या पट्ट्यांत वाटली गेली आहे.

याचा परिणाम गळावर सरळ झाला. पहिल्या पावसात वलगणीचे मासे वर चढायचे, त्यांची वाट बंधाऱ्याशी संपते. साचलेल्या पाण्यात गळ निष्क्रिय राहतो आणि उभे जाळे अधिक देते. जलाशयांत कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस, गवत्या यांचे बीज सोडले जाते. हे मासे बहुधा वनस्पती, प्लवक व तळातला गाळ खाणारे असल्याने माशाच्या किंवा बेडकाच्या आमिषाकडे ते वळत नाहीत. १९५२ मध्ये भारतात आणलेली चिलापी आता सर्वत्र झाली आहे. ती गळाला सहज लागते, पण तिला भाव कमी मिळतो. जलाशयांतील मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांना दिला जातो, आणि संस्थेचा हिशेब टनांत चालत असल्याने तिचे लक्ष स्वाभाविकपणे जाळ्याकडे असते. कोयना अभयारण्य (१९८५) आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान (२००४) आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. तेथे मासेमारीला मनाई आहे. त्या पाण्यात पूर्वी दोर टाकणाऱ्या कुटुंबांचे पोट गेले हे खरे, पण स्थानिक जातींना निवारा मिळाला तो तेथेच.

कायदा व धोके : स्फोटके किंवा विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे, राज्याचा मत्स्यव्यवसाय अधिनियम १९६० चा. तरीही जिलेटिनचा स्फोट आणि विजेचा प्रवाह सोडून मासे मारण्याचे प्रकार थांबलेले नाहीत. एका स्फोटात डोहातले अंड्यावरचे मासे, पिल्ले आणि त्यांचे खाद्य एकदमच संपते, आणि त्या डोहावर वर्षानुवर्षे गळ टाकणाऱ्याला कसलीच भरपाई मिळत नाही. साखर कारखान्यांची मळी आणि शहरांचे सांडपाणी हा त्याहून मोठा धोका आहे. उन्हाळ्यात प्रवाह कमी असताना असे पाणी नदीत आले की विरघळलेला प्राणवायू संपतो. मार्च २०२३ मध्ये सांगली परिसरात कृष्णेत फार मोठ्या संख्येने मासे मरून पडले. अशा वेळी तळाशी राहणाऱ्या शिंगाळ्यासारख्या माशांना सर्वांत कमी प्राणवायू मिळतो, आणि लांब दोरावर चालणारी मासेमारी मुख्यतः त्यांच्यावरच उभी आहे. धरणातून पाणी सोडले की प्रवाह सुरू होतो. मेलेल्या पट्ट्यात पुन्हा मासे येतात ते वरच्या डोहांतून आणि उपनद्यांतून, तिथे ते शिल्लक असतील तर.