हंटिंग : एका गॅरेजी शब्दाची कुळकथा

सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये उभी आहे, पाय कशावरच नाही, आणि आरपीएमचा काटा 600 ते 1400 असे झोके घेतोय. इंजिन उसळतं, दम सोडतं, आता बंद पडणार असं वाटेपर्यंत खाली जातं आणि पुन्हा उसळतं. शेजारचा रिक्षावाला वळून बघतो. त्याला वाटतं, हा गडी शर्यत लावायला निघालाय. माझ्या वीस वर्षांच्या टर्बो पेट्रोल गाडीने हा खेळ पावसाळ्याच्या तोंडावर सुरू केला. पुण्याच्या नाना पेठेतल्या मिस्त्रींनी बॉनेट न उघडताच सांगितलं, "साहेब, हंटिंग करतेय." म्हणजे काय, विचारलं. "म्हणजे हंटिंग. आमचे उस्तादही हंटिंगच म्हणायचे."

उस्तादांच्या उस्तादांचा माग काढत गेलं, तर हा आजार मोटारीच्या कितीतरी आधीचा निघतो. त्याचं मूळ गाव म्हणजे पिठाची गिरणी.

इंग्लंडातल्या पवनचक्क्यांत वारा वाढला की जातं जोरात फिरायचं आणि वरची तळी उचलली जाऊन पीठ जाडंभरडं पडायचं. त्यावर उपाय म्हणून फिरत्या गोळ्यांची एक युक्ती होती. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि दोन तळ्यांमधलं अंतर आपोआप सांभाळलं जाई. लंडनच्या अल्बियन मिलमध्ये असलं यंत्र बघून मॅथ्यू बोल्टनने 1788 मध्ये आपला भागीदार जेम्स वॉट याला कळवलं. वॉटने त्याच वर्षी तेच गोळे वाफेच्या इंजिनावर बसवले. वेग वाढला की गोळे बाहेर, वाफेची झडप थोडी बंद. वेग उतरला की गोळे आत, झडप थोडी उघडी. हा गव्हर्नर. आपल्याकडे गव्हर्नर म्हटलं की राजभवन आठवतं, पण दोघांचं कूळ एकच आहे. सुकाणू धरणाऱ्याला ग्रीकमध्ये जो शब्द होता तो लॅटिनमधून इंग्रजीत येता येता गव्हर्नर झाला. त्याच ग्रीक शब्दावरून गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरने 1948 मध्ये नियंत्रणाच्या शास्त्राला ‘सायबरनेटिक्स’ हे नाव दिलं.

आता गंमत बघा. सुरुवातीचे गव्हर्नर ओबडधोबड होते, सांध्यांत घर्षण भरपूर, आणि त्यामुळेच ते शांत असत. पुढे कारागिरी सुधारली, सांधे गुळगुळीत झाले, आणि हे शहाणे सुकाणूधारी पिसाटले. वेग जरा उतरला की झडप गरजेपेक्षा जास्त उघडायची. वेग वाढला की दचकल्यासारखी जास्त बंद व्हायची. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी याला हा अनुभव दुर्बिणीवर आला. तारा नजरेआड होऊ नये म्हणून दुर्बीण संथ फिरवणाऱ्या यंत्राला त्याने गव्हर्नर जोडला, तर यंत्र भलतीच हालचाल करू लागलं. 1840 मध्ये त्याने त्यावर गणित मांडलं. मग 1868 मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने, म्हणजे विजेची आणि चुंबकत्वाची समीकरणं मांडणाऱ्या त्याच मॅक्सवेलने, ‘ऑन गव्हर्नर्स’ हा निबंध लिहिला आणि असं यंत्र कधी स्थिरावेल आणि कधी भरकटेल याची अट काढून दाखवली. कंट्रोल इंजिनिअरिंग या विषयाची वंशावळ बहुतेक या निबंधापासून लावतात.

या खोडीलाच इंग्रज इंजिनियर हंटिंग म्हणू लागले. यात हरीण मारणं नाही. नेमका वेग सापडावा म्हणून यंत्र त्याच्या अलीकडे-पलीकडे भटकत राहतं, पण त्यावर ठरत नाही, एवढाच अर्थ. रुळांवर डावी-उजवीकडे डुलत जाणाऱ्या रेल्वेच्या डब्यालाही हाच शब्द लावतात. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला गव्हर्नर असतो, लग्नाच्या मांडवामागच्या जनरेटरलाही असतो. जनरेटर हंटिंग करू लागला की मांडवातले दिवे मिणमिणतात.

कार्बोरेटरच्या मोटारीत मात्र आयडलिंगवर, म्हणजे पाय काढलेल्या इंजिनाच्या संथ वेगावर, असा कुणी राखणदार नव्हता. प्रीमियर पद्मिनीला ‘स्लो’चा एक स्क्रू आणि मिक्श्चरचा एक स्क्रू असे. मिस्त्री पेचकस लावून, मान तिरकी करून ऐके आणि आवाज गोल झाला की सोडून देई. गाडी गचके देई, बंदही पडे, पण असे तालात झोके क्वचितच घेई. चूक दुरुस्त करायला जाणारा कुणी नव्हताच, तर त्याचा तोल जाणार कसा?

हा राखणदार आला इंधन इंजेक्शनबरोबर, आणि टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, घरात त्याचे हाल सुरू झाले. साब कंपनीची 99 टर्बो ही मोटार 1977 मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात आली. तिच्यात बॉशची के-जेट्रॉनिक ही इंजेक्शनची पद्धत होती. आत येणारी हवा एक गोल तबकडी उचलते, तबकडी जितकी वर तितकं पेट्रोल. हिशेब चोख, पण एका अटीवर : जी हवा इंजिनात जाईल ती तबकडीखालूनच गेली पाहिजे. पुढे एअर फ्लो मीटर आले, कॉम्प्युटर आला, आयडलची हवा कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह आला, पण अट तीच राहिली. तबकडीच्या पुढे कुठून चोरून हवा शिरली तर तिच्या वाटणीचं पेट्रोल येत नाही. जर्मन मेकॅनिक तिला ‘फाल्शलुफ्ट’, म्हणजे खोटी हवा, म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो.

टर्बोच्या गाडीत खोट्या हवेला वाटाही जास्त. मीटरपासून टर्बो, टर्बोपासून इंटरकूलर, तिथून थ्रॉटल, असे रबरी होस आणि क्लिपा यांचा लांबलचक संसार असतो, आणि शेजारी लालबुंद होणारा टर्बो त्यांना वर्षानुवर्षं भाजत असतो. त्यातही थ्रॉटलच्या पुढच्या नळीची दशा बघा. आयडलला तिच्यात जोरदार ओढ असते, ती आत चिपकते. पिकअप घेतला की तीच नळी टर्बोच्या दाबाने फुगते. वीस वर्षं चिपक-फूग केलेलं रबर वरून धडधाकट दिसतं आणि बोटाने वाकवलं की पोटाशी चिरलेलं निघतं.

तिथून खोटी हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, इंजिन मंदावतं, आणि राखणदार घाबरून व्हॉल्व्ह उघडतो. हवा वाढली की इंजिन उसळतं. आता पाय काढलेला आणि वेग इतका चढलेला पाहून कॉम्प्युटरला वाटतं, गाडी उतारावरून चाललीय, म्हणून तो पेट्रोलच तोडतो. इंजिन कोसळतं, पेट्रोल परत चालू होतं, की पुन्हा उसळी. वॉटचे गोळे आणि माझा कॉम्प्युटर यांत फरक फक्त दोनशे वर्षांचा. राखणदार मूर्ख नाही. त्याला मिळणारी खबर खोटी आहे.

हे मला कळेपर्यंत खिसा हलका झाला होता. एका गॅरेजने प्लग आणि कॉइल बदलले, दुसऱ्याने आयडल व्हॉल्व्ह नवा टाकला, तिसऱ्याने कॉम्प्युटरवर संशय घेतला. नाना पेठेतल्या मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून फक्त ऑइल भरायचं झाकण उघडलं. आवाजात काडीचाही फरक पडला नाही. "बघा," ते म्हणाले, "एवढं मोठं भोक पाडलं तरी हिला पत्ता नाही. म्हणजे आधीच कुठेतरी मोठं भोक आहे." धडक्या गाडीत झाकण उघडताच इंजिन अडखळायला हवं, कारण झाकणातून शिरते तीही खोटीच हवा. मग पंक्चरवाल्याची विद्या कामी आली. इंजिन बंद, टर्बोच्या तोंडाला बूच, त्यातून जेमतेम पाच पौंड हवा, आणि होसांवर साबणाचं पाणी. मॅनिफोल्डखाली, हात कसाबसा पोचेल अशा जागी, क्रँककेसच्या वाफा परत नेणारी अंगठ्याएवढी नळी बुडबुडे काढत होती. नवीन नळी 400 रुपयांची. पावसाळा संपेपर्यंत काटा 850 वरून हलला नाही.

काही मिस्त्री फट शोधायला चालू इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर उडवतात. गरम टर्बोजवळ हे करू देऊ नका. एक ठिणगी पुरते. झाकणाची परीक्षाही मीटरने हवा मोजणाऱ्या जुन्या गाड्यांसाठीच. जिथे हवेऐवजी मॅनिफोल्डचा दाब मोजतात, तिथे फट पडली की आयडल बहुधा नुसतं चढून बसतं.

तुमची जुनी टर्बो सिग्नलला झोके घेऊ लागली आणि कुणी थेट आयडल व्हॉल्व्हची किंमत सांगितली, तर हो म्हणण्याआधी त्याला एकदा ते ऑइलचं झाकण उघडायला सांगा.