उभे, आडवे आणि मास्तर

आमच्या बँकेत आकडे उभे-आडवे जुळले नाहीत की साहेब बोलावतात. शब्द फारच छान जुळले म्हणून ज्यांच्याकडे गुप्तहेर खाते आले, असे एकच गृहस्थ मला ठाऊक आहेत : लेनर्ड डॉ. (आडनावच डॉ; डॉक्टर नव्हेत.) हे लंडनच्या स्ट्रँड शाळेचे हेडमास्तर आणि १९२५ पासून 'डेली टेलिग्राफ'चे कोडेकार.

१९४४ च्या मे महिन्यात त्यांच्या कोड्यांतून यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी अशी उत्तरे निघू लागली. एक जूनला नेपच्यून! ही सारी नॉर्मंडीवरच्या स्वारीची गुप्त नावे, आणि स्वारी सहा जूनला. झाले! मास्तरांची कसून उलटतपासणी झाली. हाती काही लागले नाही.

मास्तर १९६३ साली वारले. १९८४ साली त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितले, की मास्तर रिकाम्या चौकटी मुलांकडूनच भरून घेत आणि सूचक वाक्ये मागाहून स्वतः रचत. शब्द पोरांनी जवळच्या छावणीतल्या सोल्जरांकडून उचललेले! मास्तरांना हे कळले तेव्हा त्यांनी त्याची वही जाळायला लावली, गप्प राहायची शपथ घातली, आणि स्वतःही गप्प राहिले.

काम खालच्यांचे आणि नाव वरच्यांचे, इथवर आमच्याकडेही बरोबर जमते. चौकशी मात्र हटकून खाली येते. तीही स्वतःकडे ठेवून घेणारा साहेब मिळाला, तर मी त्याच्या चौकटी फुकट भरून देईन.